पाठीमागे ओतलेलं पाणी

माझी लेक फरंगीस भारी हट्टी. तिचा चिमुरडा तापानं गेला तेव्हापासून माझ्याशी, आईशी, एक शब्द बोलली नाही.

इस्फहानच्या दवाखान्यात डॉक्टर केटामाइन या गुंगीच्या औषधाची सुई टोचून तिला बोलतं करणार होता. मला अदबीनं म्हणाला, "खानुम, बाईसाहेब, आता ती लांब जाऊन येईल."

लांब जाणारा परत यावा म्हणून आम्ही इराणी लोक त्याच्या पाठीमागे पाणी ओततो. मी पेलाभर उंबऱ्यावर ओतलं.

"खानुम, फरशी ओली केलीत."

"पुसून देईन. लेक परत नको का?"

सुई टोचताच फरंगीस कोचावर निपचित पडली, पायांत कोरडे मोजे. आणि उंबऱ्यापासून कोचाकडे ओली, अनवाणी पावलं उमटत आली. बाईमाणसाची. त्यांच्या शेजारून इवलीइवलीशी.

डॉक्टर भिंतीला टेकला. फरंगीसनं डोळे उघडले.

मी म्हणाले, "ऊठ, फरंगीस. त्याला भूक लागली असेल."