सोमवारच्या कॅलरी

"बाबा, वजन उतरावं म्हणून मी दिवसाला अठराशे कॅलरींचं टार्गेट लावून दिलंय, उपाशी राहायला नाही सांगितलं," त्यांच्या मनगटावरच्या फिटनेस बँडवर टिचकी मारत मी म्हणाले. "एरवी अर्ध्या कपाचीसुद्धा नोंद करता. मग चार सोमवार झाले, संध्याकाळपर्यंत नुसता चहाच कसा?"

"दुकानात गर्दी असते गं," चपला काढता काढता बाबा पुटपुटले.

"आणि डबा? तो तर रिकामा येतो!"

"शेजारच्या शिंप्याला आपल्या घरची भाजी फार आवडते."

मी आणखी चिडणार होते, तेवढ्यात लक्षात आलं. महिन्यापूर्वी आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिचे उपवास बंद केले. एकतीस वर्षांचा सोमवार मोडला म्हणून ती हॉस्पिटलात रडली होती. "देव काय हजेरी घेतो का?" असं म्हणून तिला दटावलं होतं ते बाबांनीच. देवळाबाहेर चपला राखत उभे राहणाऱ्या माझ्या बाबांनी.

"आईला सांगू नकोस," ते कुजबुजले. "कळलं तर पुन्हा स्वतःच धरेल."

मी मान हलवली. आई ताट घेऊन बाहेर आली. पोळी वाढायच्या आधी तिने बाबांपुढे वाटीभर शिरा सरकवला.

"आधी हा घ्या," त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली. "सोमवार गोडाने सोडायचा असतो."