चीक सरल्यावर

“दूध काऊन बंद केलं, बाई?”

भगवानरावांनी पहिला प्रश्न हा विचारला. मनकर्णाबाईची निम्मी मेंढरं तोंडाला फेस येऊन, पाय झाडत मेली होती. दोन शेळ्याही गेल्या होत्या. आणि तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना पडली होती दुधाची.

समिती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, सावलीत बसली होती. भिंतीवर पाटी होती : तंटामुक्त गाव. या पाटीचा गावाला फार अभिमान. तंटा झालाच तर तो मिटवायचा, आणि मिटवायचा म्हणजे गरिबाच्या तोंडावर हात ठेवायचा. जिची मेंढरं मेली ती म्हातारी ओट्याखाली उन्हात उभी होती. पदराखाली तिनं काहीतरी धरलं होतं.

तिचा कळप दर उन्हाळ्यात वरवट बकालच्या बाजूनं या गावात उतरायचा. रिकाम्या वावरांत मेंढ्या बसायच्या, वावराला खत मिळायचं, मेंढपाळांना धान्य. यंदा तळ सिंधूताईंच्या वावरात होता. ज्या घरात तान्हं लेकरू आणि आईला दूध कमी, त्या घरी तळावरून शेळीचं दूध जायचं. त्याचे पैसे कोणी विचारत नसे, तशी त्यांची रीतच होती. यंदा ते घर भगवानरावांचं. नातवाला गाईचं दूध पचत नव्हतं, शेळीचं मानवलं होतं. मेंढरं मेली त्या दिवसापासून दूध येणं थांबलं. चार दिवस लेकरू रडत होतं आणि त्याच्या आवाजानं सारी आळी जागी होती.

“मेंढ्या कशानं मेल्या थे आधी इचारा ना, भाऊ,” सिंधूताई म्हणाल्या. समितीत बाई हवी म्हणून त्यांना घेतलं होतं. त्या बोलतील असं कोणाला वाटलं नव्हतं.

मग उत्तरांची लाईनच लागली. एक म्हणाला, सडकी सरकी खाल्ली असेल. दुसरा म्हणाला, उन्हाची लू लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी चाऱ्यातून विष गेल्याचं सांगितलं होतं, पण चारा काय एका ठिकाणचा असतो? वरवट बकालहून इथपर्यंत चरत आली मेंढरं. कोणाचं नाव घेणार? भगवानरावांचा मुलगा ज्ञानेश्वर कडेला बसून मोबाईल बघत होता. गावाची पांदण नांगरून त्यानं आपल्या वावरात घेतली, वावराचा धुरा, म्हणजे बांधच, पुढं सरकवला, हे पोराटोरांना माहीत होतं. मेंढरांना जायला तेवढीच वाट, म्हणून मेंढपाळांशी तो दोनदा भांडला होता, हेही माहीत होतं. ओट्यावर यातलं एक अक्षर निघालं नाही. घरात दुधावरून चार दिवस आदळआपट चालली होती, त्यातही तो चकार शब्द बोलला नव्हता.

“तुले काय पाह्यजे थे सांग,” भगवानराव म्हणाले.

“मले भरपाई नको. ज्यानं जहर टाकलं, त्याचं नाव पाह्यजे. चार मानसात.”

भगवानराव हसले. पुरावा नसताना नाव घेणं म्हणजे गावात भांडण लावणं, असं त्यांनी समजावलं. मग निवाडा दिला. बाईनं रागाच्या भरात तान्ह्या लेकराचं दूध तोडलं, ही चूक तिची. तिनं दूध पुन्हा सुरू करावं, गाव तिला माफ करील. नाहीतर संध्याकाळच्या आत तळ उठवून शिवारातून निघावं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, अगदी गोड आवाजात. सिंधूताईंनी कपाळावर हात मारला.

मनकर्णाबाईचं दुःख केव्हाच आटलं होतं, हा निव्वळ संताप होता. तिनं पदराखालून दुधाचा डबा काढला आणि ओट्यावर आदळला.

“घ्या.”

“झाला समेट,” भगवानराव खूश होऊन म्हणाले. रडणारं लेकरू कडेवर घेऊन त्यांची सून जयमाला पंचायतीच्या दाराशी उभीच होती. त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. घरी जाऊन दूध तापवण्याइतकाही धीर तिला उरला नव्हता. तिनं झाकणात घोटभर ओतलं आणि लेकराच्या तोंडाशी नेलं.

ज्ञानेश्वरचा मोबाईल खाली पडला. त्यानं उडी मारून झाकणाला फटका दिला, डब्याला लाथ घातली. दूध ओट्यावरून ओघळत खाली मातीत गेलं.

“पाजू नको त्याले! आपल्या धुऱ्यावरचं गवत खाल्लं त्या शेळ्यायनं!”

जयमाला नवऱ्याकडे बघतच राहिली. लेकरू पुन्हा भोकाड पसरून रडू लागलं.

“तुह्या धुऱ्यावरचं?” सिंधूताई सावकाश म्हणाल्या. “डाक्टरले नाही समजलं, तुले कसं मालूम बे?”

समितीतल्या कोणालाच आता लू आठवेना. भगवानराव उठायला गेले आणि परत बसले. मनकर्णाबाईला हवं ते नाव मिळालं होतं, चार माणसांत. पण तिचा चेहरा निवळला नाही. तिनं वाकून रिकामा डबा उचलला, पदरानं पुसला आणि सरळ ज्ञानेश्वरच्या समोर जाऊन उभी राहिली.

“धुऱ्यावर चरल्या, त्यायचं दूध मी चार दिवस नाल्यात ओतून राह्यली. हे दुसऱ्या शेळीचं व्हतं. थे मेंढ्या मेल्या त्याच दिवशी व्याली, म्हनून तळावरच बांधेल व्हती. आज तिचा चीक सरला, आज पयलं दूध आनलं.” तिचा आवाज चढला. “लेकराले जहर पाजाले मी काय तू हाये?”