पहिली फेरी

मोहाडीजवळच्या फाउंड्रीत माल तपासणाऱ्या खुशबूने हुकाच्या तुकड्यावर तपासणी मशीनची ठिणगी पाडली आणि पडद्यावर धातूची कुंडलीच उमटली. फॉस्फरस मर्यादेच्या दुप्पट, म्हणजे पोलाद ठिसूळ. याच हुकांवर खाणीत मजुरांना खाली-वर नेणारा पिंजरा लटकणार होता. तिच्या घरचं कोणी त्या खाणीत नव्हतं, पण कोणाच्या तरी घरचं होतंच.

"फास्फरसले कोन चाटते वो?" मॅनेजर चंद्रकुमार साहेब खेकसले. "पास लिव. नाही तं उद्यापासून धानाच्या रोवण्याले जाय!"

"रोवण्याले जाईन साहेब, पन मानसं मारनार नाही. सही तुमीच मारा."

साहेबांनी ऐटीत सही ठोकली, ट्रकसमोर नारळ फोडला आणि माल गेटबाहेर पडला. तेव्हा खुशबू सगळ्यांदेखत म्हणाली, "साहेब, खानीवाल्याइचा फोन आलता. नवा हूक लागला का पहिल्या फेरीत सही करनाऱ्यालेच पिंजऱ्यात बसोतेत, अशी रीत हाय तेथची. मी तुमचं नाव सांगून देल्लं."



नारळ फोडायला काढलेले बूट तिथेच टाकून साहेब अनवाणी ट्रकमागे बोंबलत सुटले, "थांबव बे, गाडी थांबव!"