न उचललेला फोन

नवऱ्याला गावाहून इकडे परदेशात आणायचं तर बायकोचा पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा, असा व्हिसाचा नियम. म्हणून ती दिवसा लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची, संध्याकाळी गोदामात खोकी भरायची. ती सुटेपर्यंत तिकडे तो झोपलेला असायचा. मग दोघांनी मिस्ड कॉलवरच संसार चालवला: एक रिंग म्हणजे उठलो, दोन म्हणजे जेवलो. अखेर आकडा गाठून ती व्हिसाच्या खिडकीशी गेली, तर साहेबाने तिनेच पुरावा म्हणून अर्जाला जोडलेली कॉलची यादी पुढे सरकवली. “नवरा रोज फोन करतो, तुम्ही एकदाही उचलत नाही. लग्न खरंच झालंय ना?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो, तुमचा आकडा गाठता गाठता तोंडाला फेस आला! बोलणार कधी?” तेवढ्यात पर्समधला फोन दोनदा वाजून थांबला. साहेब म्हणाला, “बघा, हाही उचलला नाहीत.” “कशाला?” ती फणकारली. “जेवलाय तो.”