एक वाजून सात मिनिटं

“बारा माणसं, सत्तर कागद, तीन तास. यातले खोटे कागद कोणते, ते ओळखा,” असं म्हणून मास्तर चष्मा शोधू लागले. चष्मा कपाळावरच होता.

वर्गातल्या पाचही जणांनी हसू गिळलं. आज हसायचा दिवस नव्हता. सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात विश्लेषक व्हायचं, तर ही शेवटची परीक्षा. लवकरबाई आधी दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा घसरली, की पुन्हा टपालघरातली पार्सलची खिडकी. गोंदाचा डबा आणि “पुढचा कोण?”

लवकरबाई हे नाव वर्गानं ठेवलेलं. घरून बरोबर सव्वाआठला निघूनही ती रोज सगळ्यांच्या आधी हजर. आधी बसथांब्यावर तिष्ठायची, मग वर्गाच्या बंद दाराशी. बस सरकारी, वर्गातलं घड्याळही सरकारी. दोन्ही मागेच चालणार, अशी तिची समजूत.

घरी मात्र तिनं आकडेवारी खात्यात शिकायला जाते असं सांगितलं होतं. खात्याचा नियमच तसा. नवऱ्यानं मान डोलावली आणि विषय संपवला. सासूबाई कसल्या संपवतात? त्या दिवसभर खिडकीशी रेडिओ लावून बसायच्या, छापखान्याच्या पाकिटांवर पत्ते लिहायच्या, आणि लिहिता लिहिता गाणी जुळवायच्या. कालच सून स्वयंपाकघरातून ओरडली होती, “आई, मीठ कुठंय हो?” तर बाहेरून लगेच सूर आला:

“सून माझी शहाणी, चांदण्या मोजते गं,
घरातलं मीठ कुठं, मला विचारते गं!”

लवकरबाईनं डोळे मिटून ते गाणं बाजूला सारलं आणि पहिला कागद उचलला.

नाखव्याची नोंदवही. शिंपीणबाईची डायरी. डॉक्टरांची टिपणं. एका आत्याबाईची भाच्याला लांबलचक पत्रं. प्रत्येकाचं अक्षर वेगळं. शेजारी बसलेला माजी वकील सह्या ताडून बघत होता, मागचा गणितवाला शाईचे रंग जुळवून बघत होता. लवकरबाई नुसती वाचत गेली. अकरा वर्षं तिनं लोकांच्या पार्सलांवरचे हात वाचले होते. घाईतला हात, रुसलेला हात, लेकराला खाऊ पाठवणारा हात. हे कागदही तसेच जिवंत होते. शिंपीणबाईला एका हरवलेल्या बटणाची हळहळ, नाखव्याला बायकोचा धाक. वाचता वाचता तिला त्या सगळ्यांचा लळा लागला. यांतलं खोटं कोणाला म्हणायचं?

दोन तास गेले. उत्तराचा कागद कोराच.

मग शिंपीणबाईनं लिहिलेलं तिला पुन्हा दिसलं: ‘एक वाजून सात मिनिटं. रेडिओवर बातम्या लागल्या, तरी गिऱ्हाईक नाही.’

तिनं डॉक्टरांचं टिपण ओढलं. ‘१.०७. बातम्या सुरू होताना रोग्यानं डोळे उघडले.’

नाखवा. आत्याबाई. तेच.

दुपारच्या बातम्या तर एकच्या ठोक्याला लागतात. सेकंदाचाही फरक नाही. बारा घरं, बारा चुली, आणि घड्याळ मात्र एकच!

तिनं लिहिलं: ‘सत्तरच्या सत्तर कागद खोटे. लिहिणारा हात एक. त्याच्या घरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.’

पण इथं थांबते कसली! आनंदाला उधाण आलं की हात आवरत नाही. तिनं पुढे जोडलं: ‘लेखक पुरुष. साठीच्या आसपासचा. एकटा राहतो. घरात दुसरं माणूस असतं, तर कोणीतरी कधीचंच म्हणालं असतं, की अहो, घड्याळ पुढे आहे. खात्री: नव्वद टक्के.’

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी तिला एकटीला बोलावलं.

“अपेक्षित उत्तर होतं चार कागद,” ते म्हणाले. “तुम्ही सत्तर म्हणालात.”

तिला गोंदाचा वास आला.

“बावीस वर्षं दर परीक्षेला नवे कागद येतात. लिहिणारं माणूस तेच. आजवर एकाही तुकडीनं पकडलं नव्हतं.” मास्तरांनी हात पुढे केला. “पहिल्या आलात, लवकरबाई. सोमवारपासून कामावर या.”

तिला हसू आणि रडू एकाच वेळी फुटलं. “आणि... लिहिणाऱ्यांना राग नाही ना आला?”

“सकाळीच तुमच्या उत्तराची नक्कल पाठवली. निरोप आला, हसून हसून पुरेवाट झाली म्हणून.”

“म्हणजे बाकीचंही बरोबर होतं? साठी, एकटा राहणारा?”

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा कपाळावर चढवला. “घरी जा आता, बाई,” ते म्हणाले. “सासूबाई वाट बघत असतील.”

रस्ताभर तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत. ही गोष्ट कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तिनं ती बसला सांगितली, झाडांना सांगितली, फाटकाच्या कडीला सांगितली. घरात शिरताना तिनं चेहरा मोठ्या कष्टानं आकडेवारी खात्यासारखा केला.

आत सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडी होती.

“अहो आई, पडाल ना!” तिनं धावत जाऊन स्टूल धरलं.

“पडते कशाला? सात मिनिटांचं तर काम,” सासूबाई काटा मागे सरकवत म्हणाल्या. “एकटा राहणारा पुरुष म्हणे! स्टूल नीट धर गं, नव्वद टक्के.”