इथून बंद, इथून चालू

चहा आजही खारट झाला होता. मोतीबिंदू पिकलेल्या सासूबाईंना काय बोलायचं, म्हणून स्वानंदीने तो मुकाट्याने संपवला आणि सगळा राग लॅपटॉपवर काढला.

"मेला फॉरमॅटर! टेस्टमधले मॅक्रो मी एकाखाली एक लावते, चूक पटकन दिसावी म्हणून. सेव्ह केलं की हा आपल्या मनाने सगळं आवरून ठेवतो!"

"कोण गं हा?" दिंडोरीच्या बेदाण्यांचे देठ काढता काढता सासूबाईंनी, मालिनीबाईंनी विचारलं.

"कोड आवरणारा प्रोग्रॅम, आई. साधं कोड छान आवरतो. मॅक्रो, म्हणजे एका नावात बांधलेल्या कोडच्या ओळी, त्याला कळत नाहीत, पण हात लावल्यावाचून राहवतही नाही."

"हेतू चांगलाच असेल बिचाऱ्याचा. सांगता नाही येत त्याला?"

"येतं ना. वर एक ओळ लिहायची, इथून बंद. खाली एक, इथून चालू. मधल्याला मग तो शिवत नाही."

"आणि राग नाही येत त्याला?"

"छे! त्याला कसला राग?"

दुपारी ती स्वयंपाकघरात गेली, तर रविवारी तिने हौसेने लावलेल्या एकसारख्या बरण्या टेबलावर उतरल्या होत्या. फळीवर जुने डबे परतले होते. साखरेच्या डब्याचा पोचा, मिठाच्या झाकणाची तुटकी कडी, मालिनीबाई बोटांनी चाचपून खात्री करत होत्या.

"वरच्या फळीपासून बंद, ओट्यापासून चालू," तिची चाहूल लागताच त्या म्हणाल्या. "आणि राग येत नाही म्हणालीस ना?"