पाच हजार पावलं

आईचं कोलेस्टेरॉल वाढलं, तेव्हा परगावच्या लेकाने तिच्या फोनवर पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं. आकडा रोज त्यालाही दिसायचा. पाच हजार भरली की तो अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा व्हायचा. पण गेला महिनाभर आकडा तीनशेच्या पुढे सरकेना. त्याने रोज कामातून उठून फोन करायचा, अर्धा तास डोकेफोड करायची, आणि आईचं आपलं एकच, "उद्यापासून नक्की. तू जेवलास का?"

शेवटी वैतागून त्याने शेजारच्या काकूंना फोन लावला. "काकू, तिला जरा घराबाहेर तरी काढा हो."

"अरे, रोज तासभर चालतो की आम्ही," काकू म्हणाल्या.



"फोन तेवढा ती मुद्दाम घरी ठेवते. म्हणते, सोबत नेला की पोराचा नुसता अंगठा येतो."